वाफशाचे दिवस

चंद्रशेखर ऐनापुरे पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "हे सगळं केल्यावर मला त्रास होईल का?"

"कसला त्रास?"

"तेच तर मला माहीत नाही," ते म्हणाले.

सदुसष्ट वर्षांचा ताठ बसणारा माणूस. एसटीतून आगार व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालेले. मिरजेत माझं समुपदेशन केंद्र आहे आणि रविवारच्या पुरवणीत मी 'समोरची खुर्ची' नावाचं सदर लिहिते. त्यात नव्या 'वाफसा' उपचाराबद्दल वाचून ते आले होते. त्यांची ही हकीकत त्यांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या संमतीनेच लिहिते आहे. नावं बदलली आहेत. महानंदाताईंनी मजकूर वाचून दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं.

"मुलीला मुलगी झाली," ते सांगू लागले. "दवाखान्यात माझ्या हातात दिली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हसलो. कधी हसायचं असतं ते मला कळतं. पण आत काही झालं नाही. कुणी पार्सल धरायला दिलं की आपण ते नीट धरतो, पडू देत नाही. तसं धरलं."

"आधी कधी झालं होतं?"

"काय?"

"आत काही."

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ते म्हणाले.

त्यांची आई ते वर्षाचे असताना गेली. मग आत्याकडे, मग एका काकांकडे, मग दुसऱ्या काकांकडे. सहाव्या वर्षी वसतिगृह. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त रडल्यावर धावत येणारं ठरावीक माणूस कुणीच नव्हतं. अशी मुलं काही दिवसांनी रडायची थांबतात, आणि लोक म्हणतात, किती शहाणं बाळ आहे.

इथे थोडं विज्ञान सांगायला हवं. माणसाची ओढ ही शिकण्याची गोष्ट आहे. आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूचा एक भाग हे शिकायला पूर्ण मोकळा असतो. कोण उचलतं, कुणाचा आवाज आला की पोटातली भीती शमते, कोण गेलं की जग रिकामं होतं, हे तेव्हा शिकलं जातं. मग तिथल्या चेतापेशींभोवती प्रथिनांची बारीक जाळी विणली जाते आणि शिकलेलं पक्कं होतं. ज्यांना शिकायला मिळालं नाही, त्यांचं न शिकलेलंही तसंच पक्कं होतं. आम्ही समुपदेशक वर्षानुवर्षं बोलून ती जाळी थोडी सैल करायचा प्रयत्न करत आलो. कधी यश यायचं, बऱ्याचदा यायचं नाही.

नव्या औषधाने ती जाळी साधारण दोन आठवडे सैल होते. रोज सकाळी नाकात थेंब घालायचे, बस. बुद्धी, आठवणी, भाषा सगळं जागच्या जागी राहतं. फक्त ओढ शिकण्याची क्षमता तान्ह्या बाळाइतकी उघडते. मग औषध थांबतं, जाळी पुन्हा घट्ट होते आणि त्या दिवसांत जे रुजलं ते राहतं. पेरणीआधी जमीन ना चिखल ना कोरडी, अशी नेमक्या ओलीवर येते, त्याला शेतकरी वाफसा म्हणतात. मी सदरात तो शब्द वापरला आणि पुढे सगळेच तो वापरू लागले.

यात दोन अडचणी होत्या. पहिली, हे एकदाच करता येतं. दुसऱ्यांदा जाळी सैल होत नाही. दुसरी अडचण मोठी. ओढ अशी हवेत शिकता येत नाही, ती कुणाची तरी असावी लागते. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये रुग्णांना उपचारकांचीच ओढ लागली. पन्नाशीची माणसं केंद्राच्या फाटकाशी येऊन उभी राहायची आणि परत पाठवलं की हंबरडा फोडायची. म्हणून नियम झाला की सोबती हवा. घरचं एक माणूस, जे ते दिवस रुग्णाबरोबर राहील, हाक मारली की येईल आणि पुढेही आयुष्यात असेल.

या नियमामुळे आमच्या दारात काय काय आलं ते सांगितलं तर खरं वाटणार नाही. स्कूटर सर्व्हिसिंगला टाकावी तशी नवऱ्याला घेऊन येणाऱ्या बायका आल्या, लग्नाआधी दोघांचाही वाफसा करून द्या म्हणणारी जोडपी आली. एक आई चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन आली. त्याला कुणा मुलीचा नाद लागला होता आणि या बाईंना स्वतः सोबती व्हायचं होतं. त्यांना मी दारातूनच परत पाठवलं. त्यांच्यापुढे ऐनापुऱ्यांचं प्रकरण मला सरळ वाटलं. सोबती म्हणून त्यांनी पत्नीचं नाव दिलं होतं.

महानंदाताई दुसऱ्या दिवशी आल्या. त्रेसष्ट वर्षांच्या, बारीक अंगाच्या, थेट बघणाऱ्या.

"मी नाही बसणार," त्या म्हणाल्या.

"का ते सांगाल?"

"शलाका मॅडम, माणूस वाईट नाही हो. कधी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही, दारू नाही. माझ्या माहेरी त्यांचं उदाहरण देतात. अशा माणसाची तक्रार कुणाकडे करायची? मला ताप आला की औषध आणून टेबलावर ठेवायचे, वेळेवर. पण कपाळाला हात लावून बघितला नाही कधी."

त्यांनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली.

"आधी वाट बघितली. मग रडले. मग सवय करून घेतली. ती सवय मला फुकट नाही लागली. आता ते मऊ होणार, आणि मी शेजारी बसून हाकेला ओ द्यायची?"

"तुम्हाला भीती वाटते का, उपयोग होणार नाही याची?"

"उपयोग होईल याची वाटते," त्या म्हणाल्या. "झाला, तर कळेल ना की हे जमण्यासारखं होतं. मग माझी इतकी वर्षं कशात गेली?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तुम्ही पेपरात लिहिलंत, ओढ शिकायला उशीर कधीच होत नाही. कुणाला होत नाही, मॅडम?"

नकार हा त्यांचा हक्क होता. मी तसं त्यांना सांगितलं. त्या जाताना म्हणाल्या, "मुक्ताला विचारा. ती बसेल. ती लहानपणापासून त्यांच्या मागे मागेच फिरत आलीय."

मुक्ता म्हणजे त्यांची मुलगी. कोल्हापूरला राहणारी, चार महिन्यांच्या बाळाची आई. ती लगेच हो म्हणाली. बेडगच्या रस्त्याला आमच्या केंद्राच्या चार खोल्या आहेत. पुढे व्हरांडा, मागे स्वयंपाकघर. बाळाला घेऊन ती वडिलांबरोबर तिथे राहायला आली.

पहिले दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी मी गेले तर चंद्रशेखर न्हाणीघराच्या बंद दारासमोर स्टुलावर बसले होते. आत मुक्ता आंघोळ करत होती.

"मला कळतंय मी काय करतोय," ते ओशाळून म्हणाले. "मी खोलीत जाऊन बसायचं ठरवलं होतं. पाय गेले नाहीत."

त्यानंतर ते वेगाने उघडत गेले. मुक्ता मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली तरी ते दारात येऊन उभे. ती डोक्यावरून हात फिरवायची तेव्हा डोळे मिटून बसायचे आणि तिने हात काढला की म्हणायचे, "अजून थोडा वेळ." एकदा ती औषधाच्या दुकानात गेली आणि यायला उशीर झाला, तर ते थरथरत होते. तिने येऊन त्यांना जवळ घेतलं, तेव्हा हा आयुष्यभर ताठ बसलेला माणूस तिच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडला.

"मॅडम, मला दोन बाळं झालीत," मुक्ता मला म्हणाली. "एक दूध पितं, एक चहा." हसता हसता तिचे डोळे भरले. "मी शाळेत असताना यांच्या डब्यात चिठ्ठ्या ठेवायचे. 'अप्पा लवकर या.' ते डबा रिकामा करून चिठ्ठी परत आणून द्यायचे. नीट घडी घालून."

शेवटच्या दिवसांत कधीतरी बाळ झोपेतून उठून रडलं आणि मुक्ता उठायच्या आत चंद्रशेखर पाळण्याशी पोचले. त्यांनी नातीला उचललं, व्हरांड्यात फिरवलं. मी समोरून येत होते. ते थांबले.

"मॅडम, हिला वास येतो."

"दुधाचा?"

"नाही, हिचाच. बाळांना वास असतो हे मला माहीत नव्हतं." आणि त्यांनी पुन्हा तिच्या डोक्याला नाक लावलं.

उपचार म्हणून बघाल तर इथपर्यंत सगळं छान झालं होतं. माझ्या सदरात मी इथेच थांबले असते.

पण माणसं केंद्रात राहत नाहीत, घरी जातात. मुक्ता कोल्हापूरला परतली. ठरल्याप्रमाणे रोज सकाळ-संध्याकाळ एकेक फोन. पहिल्या आठवड्यात चंद्रशेखर संध्याकाळी फोन घेऊन खिडकीत बसून राहायचे. तो वाजला की त्यांचा चेहरा उजळायचा. महानंदाताई स्वयंपाकघरातून हे बघायच्या. आपल्या नवऱ्याला कुणाची तरी वाट बघताना त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

एका माणसाकडून शिकलेली ओढ पुढे इतरांकडेही पसरते, असं आमचं शास्त्र सांगतं. ती पसरली. ते स्वयंपाकघरात येऊन उगाच बसू लागले. "तू दुपारी काय करत असतेस?" असं विचारू लागले. एका दुपारी महानंदाताई सर्दीने डोकं धरून पडल्या होत्या. चंद्रशेखरनी येऊन त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

मी आधी इथे लिहिलं होतं की महानंदाताईंनी हात झटकला. ही पहिली दुरुस्ती. "झटकला नाही," त्या म्हणाल्या. "थोडा वेळ राहू दिला. म्हणून तर जास्त राग आला."

दुसऱ्या दिवशी त्या बहिणीकडे गडहिंग्लजला गेल्या. चार दिवस म्हणून गेल्या आणि महिना झाला तरी आल्या नाहीत.

चंद्रशेखर माझ्याकडे आले. ताठपणा गेला होता, शर्ट चुरगळलेला.

"छातीत कळ येत होती म्हणून ईसीजी काढला. काही निघालं नाही. ती गेल्यापासून हे आहे. जेवण जात नाही. तिची चप्पल दाराशी आहे, जुनी, ती बघवत नाही." ते थांबले. "लोकांना हे असं होतं होय?"

"हो."

"सगळ्यांना?"

"बहुतेकांना."

"आणि तरी लोक कामावर जातात?" ते खरोखर चकित झाले होते. "माझ्याकडे ड्रायव्हर-कंडक्टर यायचे रजा मागायला. आई गेली, बायको माहेरी गेली. मी नियमात बसेल तेवढी द्यायचो. हे एवढं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही." मग त्यांनी विचारलं, "बंद करता येईल का पुन्हा?"

"नाही. येत नाही."

त्यांनी मान खाली घातली. मग वर न बघताच बोलले. "आम्ही जतला होतो. मुक्ताच्या आधी एक मुलगी झाली होती. पोटातच गेली होती. महानंदा दवाखान्यात होती. दिवाळीच्या जादा गाड्या होत्या म्हणून मी दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी आपणहून गेलो." आता त्यांचा आवाज फाटला. "इतकी वर्षं ती गोष्ट माझ्याजवळ नुसती माहिती म्हणून होती. परवा आंघोळ करताना एकदम आठवलं की ती तिथे खाटेवर एकटी होती. मला खाली बसावं लागलं."

"हे त्यांना सांगावंसं वाटतं?"

"सांगितलं तर ती परत येईल का?"

"परत आणण्यासाठी सांगणार असाल तर सांगू नका," मी म्हणाले.

ते विचार करून म्हणाले, "तशासाठी नाही. तिथे ती एकटी होती, ते मला आता दिसतंय, एवढं तिला माहीत असावं."

महानंदाताई आल्या त्या मुक्ताच्या आग्रहाने. आल्या आल्या मला म्हणाल्या, "माझी दुपारची गाडी आहे." दोघं समोरासमोर बसले. मी बाजूला.

चंद्रशेखरनी सांगितलं. लांबवलं नाही, सजवलं नाही. जतचा दवाखाना, दिवाळी, ड्युटी, आणि परवाची आंघोळ.

महानंदाताई ऐकत होत्या. त्यांनी विचारलं, "त्या दिवशी डेपोत काय करत होता तुम्ही?"

"गाड्यांचं नियोजन."

"मला वाटायचं, तुम्ही तिकडे जाऊन रडत असाल. माझ्यासमोर येत नसेल रडू, म्हणून तिकडे गेला असाल. मी तेच धरून चालले आजवर."

खोटं बोलायला ती जागा सोपी होती. चंद्रशेखर म्हणाले, "नाही. रडलो नाही. चहा घेतला. दुपारी जेवलो पण."

महानंदाताईंनी डोळे मिटले. मला वाटलं, आता त्या उठतील.

"आता रोज रडू येतं," ते म्हणाले. "पण त्याचा तुला काय उपयोग? तेव्हा तू एकटी होतीस. त्याचं मी काय करू मला कळत नाही."

"काही करू नका," त्या म्हणाल्या. "नुसते बसा."

ते बसले. बाहेर रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. बऱ्याच वेळाने महानंदाताई बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज वेगळा होता.

"तुम्ही बघितलं होतं तिला?"

"कापडात गुंडाळलेली."

"मी उघडून बघितलं. केस होते. दाट." त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. "मी नाव ठेवलं होतं तिचं. मुक्तालाही सांगितलं नाही, बहिणीलाही नाही. नीलांबिका."

चंद्रशेखरनी ते नाव मनात म्हटलं असावं, त्यांचे ओठ हलले. मग ते म्हणाले, "घरात आपण नीला म्हटलं असतं."

महानंदाताईंनी झटकन मान वर केली. "नीला नाही. अंबी."

"अंबी? शाळेत पोरींनी चिडवलं असतं तिला."

"माझ्या आजीला अख्खा गाव अंबी म्हणायचा. कुणाची हिंमत नव्हती चिडवायची."

"ते गाव होतं. ही सांगलीत शिकली असती, पुण्यात गेली असती."

"पुण्यात गेली म्हणून नाव सोडायचं होय? तुम्हाला काय कळतंय नावातलं! मुक्ताचं नावसुद्धा मीच ठेवलं, तुम्ही नुसती मान हलवलीत!"

"मग या वेळी नाही हलवणार!" चंद्रशेखरही चढ्या आवाजात म्हणाले. "नीला. चांगलं आहे नीला."

आमच्यात कधी भांडण झालं नाही, असं दोघांनीही मला आधी वेगवेगळं सांगितलं होतं. चंद्रशेखरनी ते अभिमानाने सांगितलं होतं, महानंदाताईंनी दुसऱ्या अर्थाने. एकोणचाळीस वर्षांच्या संसारातलं त्यांचं ते पहिलं भांडण, आणि ते एका कधीच न रडलेल्या मुलीच्या हाक मारायच्या नावावरून चाललं होतं. दोघंही रडत होते आणि दोघंही माघार घेत नव्हते. मी हळूच उठून पाण्याचे दोन पेले आणून ठेवले. कुणाचं लक्ष नव्हतं.

महानंदाताई घरी परत आल्या नाहीत. आजही त्या गडहिंग्लजलाच राहतात. बहिणीच्या घराजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत. मी या लेखात "शेवटी त्यांनी माफ केलं" असं लिहिलं होतं. ती त्यांनी केलेली दुसरी दुरुस्ती. त्यांनी ते वाक्य खोडलं आणि त्याजागी काही लिहिलं नाही.

भांडण झालं त्या दुपारी चंद्रशेखर त्यांना सोडायला स्टँडवर गेले. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. महानंदाताई खिडकीशी बसल्या. ते खाली उभे राहिले.

"मी येऊ का तिकडे?" त्यांनी विचारलं.

"राहायला नाही."

"नाही. भेटायला."

महानंदाताईंनी तिकीट पर्समध्ये ठेवलं. "या," त्या म्हणाल्या. "पण आधी फोन करा."

हल्लीच्या बॅटरीवरच्या गाड्या आवाज न करता सुटतात. गाडी हलली हे त्यांना खिडकी पुढे सरकल्यावर कळलं. ती फाटकातून वळून दिसेनाशी होईपर्यंत ते उभे होते, आणि नंतरही तिथेच फलाटाच्या कडेला उभं राहून रडू लागले. लपवायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. याच आगारात त्यांनी नोकरीची शेवटची वर्षं काढली होती. त्यांच्या हाताखाली काम केलेला एक कंडक्टर तिकीट मशीन घेऊन निघाला होता. साहेबांना तसं बघून तो घाबरून धावत आला.

"साहेब, काय झालं? घरात कोण गेलं का?"

"बायको बहिणीकडे गेली," चंद्रशेखर म्हणाले.

कंडक्टरने हातातलं तिकीट मशीन खांद्याला अडकवलं. त्याने त्यांना बाकावर बसवलं आणि तो चहा आणायला गेला.